एदिर्ने : राजधानीपण सरलेल्या शहराचा वारसा

इस्तंबूलहून वायव्येकडे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतरावर, ग्रीस आणि बल्गेरिया या दोन देशांच्या सीमांलगत एदिर्ने हे शहर वसले आहे. महामार्गाने येणाऱ्या प्रवाशाला शहरातील घरे दिसू लागण्यापूर्वीच क्षितिजावर चार उंच मिनार आणि त्यांच्यामध्ये एक विशाल घुमट दिसू लागतो. ही सेलिमिये मशीद होय. उस्मानी म्हणजेच ऑटोमन साम्राज्याची कॉन्स्टँटिनोपलपूर्वीची राजधानी, एवढीच एदिर्नेची ओळख बहुतेक इतिहासग्रंथांत आढळते. वस्तुतः राजधानीचा मान इस्तंबूलकडे गेला तो १४५३ मध्ये. आणि ज्या वास्तूमुळे आज एदिर्नेचे नाव जगभर घेतले जाते ती सेलिमिये त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी उभी राहिली. राजसत्तेने पाठ फिरवल्यानंतर, पुढे युद्धांनी उद्ध्वस्त केल्यानंतर आणि अखेरीस सीमारेषांनी कोंडल्यानंतरही हे शहर कशाच्या आधारे टिकले, तसेच त्यातील काय टिकले आणि काय टिकले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तीन नद्यांचे शहर

मेरिच, तुंजा आणि आर्दा या तीन नद्या एदिर्नेच्या परिसरात एकत्र येतात. बाल्कन प्रदेशातून बॉस्फोरसकडे जाणारा प्राचीन मार्ग याच खोऱ्यातून जातो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन सम्राट हेड्रियनने येथील वस्तीला नगराचा दर्जा आणि आपले नाव दिले. हेड्रियानोपोलिस, एड्रियानोपल आणि एदिर्ने ही एकाच नावाची कालक्रमाने बदलत गेलेली रूपे आहेत. ज्या भूगोलाने शहराला व्यापार दिला त्यानेच त्याला रणांगणही केले. इ. स. ३७८ मध्ये याच परिसरात गॉथ टोळ्यांनी रोमन सैन्याचा पराभव केला आणि सम्राट व्हॅलेन्स मारला गेला.

चौदाव्या शतकाच्या साठीच्या दशकात शहर उस्मानींच्या हाती आले. बर्सा ही त्यांची पहिली मोठी राजधानी आशियात होती. एदिर्ने ही युरोपच्या भूमीवरील राजधानी ठरली. कॉन्स्टँटिनोपलवरील अखेरच्या मोहिमेची तयारी मेहमेद दुसरा याने येथूनच केली. त्या विजयाने एदिर्नेचे राजधानीपण संपवले, तरी सुलतानांचा या शहराशी असलेला संबंध लगेच तुटला नाही. बाल्कनमधील मोहिमांसाठी सैन्याचा तळ येथे पडे, आणि शिकारीसाठी सुलतान येथे महिनोन्महिने राहत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर दरबाराचा मुक्काम इस्तंबूलपेक्षा एदिर्नेतच अधिक असे. सुलतान एदिर्नेलाच कायमची राजधानी करील, ही भीती १७०३ मध्ये इस्तंबूलमध्ये झालेल्या उठावामागील एक कारण होती. या उठावात मुस्तफा दुसरा याला सिंहासन सोडावे लागले. त्यानंतर दरबार इस्तंबूलला परतला आणि एदिर्नेच्या राजवाड्याची उपेक्षा सुरू झाली.

वक्फ : शहर घडवणारी व्यवस्था

उस्मानी नगररचना समजून घ्यायची तर मशिदीकडे सुटी वास्तू म्हणून पाहून चालत नाही. मशीद, तिच्याजवळची पाठशाळा, रुग्णालय, भोजनालय, हमाम आणि बाजार मिळून एक संकुल होते. तुर्की भाषेत त्याला ‘कुल्लिये’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘वक्फ’ ही संस्था असे. दाता एखादी मिळकत, उदाहरणार्थ दुकाने, हमाम, गिरण्या किंवा गावांचा महसूल, कायमस्वरूपी अर्पण करी. ती मिळकत पुढे विकता येत नसे, तिची वारसांत वाटणी होत नसे, आणि तिच्या उत्पन्नातून कोणता खर्च करावा हे दानपत्रात नमूद असे. इमामापासून झाडूवाल्यापर्यंत कोणाला किती वेतन द्यावे, भोजनालयात कोणत्या दिवशी काय शिजवावे, इतका तपशील अशा दानपत्रांत सापडतो.

या संदर्भात एका शब्दाचा प्रवास मराठी अभ्यासकाला उद्बोधक वाटेल. मराठीत फारसीच्या वाटेने आलेला ‘इमारत’ हा शब्द केवळ बांधलेली वास्तू दर्शवतो. मूळ अरबी शब्द तोच. परंतु उस्मानी तुर्कीत त्याचे ‘इमारेत’ हे रूप प्रामुख्याने धर्मार्थ भोजनालयासाठी रूढ झाले. एका भाषेने भिंती लक्षात ठेवल्या, दुसरीने त्या भिंतींच्या आत शिजणारे अन्न. उस्मानी शहरात वास्तूचे मोल तिच्यातून चालणाऱ्या कार्यावर ठरत असे, हे या अर्थभेदातूनही दिसून येते.

एदिर्नेच्या मध्यभागी हे अर्थकारण आजही पायी फिरून पाहता येते. १४१४ मध्ये पूर्ण झालेल्या एस्की जामी, म्हणजे जुन्या मशिदीशेजारी बेदेस्तेन हा घुमटांनी आच्छादलेला बाजार आहे. त्याचे उत्पन्न मशिदीसाठी होते. सेलिमियेच्या पायथ्याशी असलेला दुकानांचा लांब पट्टा, ‘अरास्ता’, मशिदीच्या खर्चाची तरतूद म्हणून नंतर बांधला गेला. सोळाव्या शतकातील रुस्तम पाशाची सराई हीदेखील याच व्यवस्थेतील. १९७०च्या दशकात तिचा जीर्णोद्धार करून तेथे हॉटेल सुरू करण्यात आले आणि या कामाला १९८० मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

या व्यवस्थेचे गौरवीकरण करताना तिच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. शहरातील भोजनालयाचा खर्च अनेकदा दूरच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या करातून भागे. दाते बहुधा सुलतान, वजीर किंवा राजघराण्यातील स्त्रिया असत, आणि दानामागे पुण्याबरोबर कीर्तीची व मालमत्ता सुरक्षित ठेवण्याचीही इच्छा असे. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे : दात्याचे भाग्य फिरले तरी संस्था चालू राहील, अशी तजवीज या रचनेत होती.

घुमटाचा शोध

एदिर्नेतील तीन मशिदी क्रमाने पाहिल्या तर दीडशे वर्षांच्या स्थापत्यविचाराची वाटचाल एकाच सकाळी उलगडते. एस्की जामीत नऊ समान घुमट आहेत आणि ते चार भरभक्कम खांबांवर तोलले आहेत. आत उभे राहिले की जागा खांबांनी विभागलेली जाणवते. भिंतींवरील प्रचंड आकाराची अक्षरे हेच तिचे मुख्य आकर्षण.

दुसरी मशीद उच शेरेफेली, म्हणजे तीन सज्जांची. मुराद दुसरा याच्या काळात, १४४७ मध्ये ती पूर्ण झाली. येथे मधला घुमट एकदम मोठा होतो. त्याचा व्यास सुमारे २४ मीटर आहे. तत्पूर्वीच्या उस्मानी वास्तूंत इतका मोठा घुमट नव्हता. मशिदीचे चारही मिनार परस्परांहून भिन्न आहेत. ज्या मिनारावरून मशिदीला नाव मिळाले त्याच्या तीन सज्जांकडे तीन स्वतंत्र जिने जातात. मात्र मोठ्या घुमटाचा भार अवाढव्य खांबांवर आणि जाड भिंतींवर टाकलेला असल्याने आतील अवकाश अजून मोकळा झालेला नाही. प्रश्न मांडला गेला आहे, उत्तर मिळायचे आहे, अशी ही वास्तू आहे.

उत्तर मिळाले सेलिमियेत. सुलतान सेलीम दुसरा याच्यासाठी सिनान या राजस्थपतीने १५६८ च्या सुमारास काम हाती घेतले आणि १५७५ मध्ये मशीद खुली झाली. सेलीम त्यापूर्वी काही महिनेच निवर्तला होता. सिनानचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते. आपल्या कारकिर्दीतील शेहझादे ही उमेदवारीची, सुलेमानिये ही कारागिरीची आणि सेलिमिये ही उस्तादीची कृती, असे तो म्हणत असल्याची परंपरा आहे. सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट त्याने आठ खांबांवर तोलला आणि हे खांब भिंतींच्या जवळ सरकवले. परिणामी दारातून आत येणाऱ्याला संपूर्ण अवकाश एका दृष्टिक्षेपात दिसतो. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाशी बरोबरी साधण्याचे उस्मानी स्थपतींचे दीर्घकाळचे स्वप्न येथे पुरे झाले. भार वाहणाऱ्या भिंती खांबांमुळे मोकळ्या झाल्याने त्यांत खिडक्यांच्या ओळी घालता आल्या; त्यामुळे एवढी अवजड वास्तू आतून प्रकाशाने भरलेली असते.

मुअज्जिनांच्या चौथऱ्याखालील एका संगमरवरी खांबावर उलटे ट्यूलिप कोरले आहे. ही जागा ट्यूलिपची बाग असलेल्या एका हट्टी मालकाची होती, जमीन देताना त्याने अट घातली आणि सिनानने ती पाळताना त्याचा हट्टही फुलाच्या उलटेपणातून नोंदवला, अशी लोककथा सांगितली जाते. कथेला पुरावा नाही. परंतु सुलतानाच्या मशिदीत एका सामान्य माणसाच्या नकाराची खूण शोधण्याची लोकांना गरज भासली, ही बाब मात्र अर्थपूर्ण आहे. २०११ मध्ये युनेस्कोने या संकुलाचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

तुंजाकाठचे रुग्णालय

शहराबाहेर, तुंजा नदीच्या काठी बायेझीद दुसरा याचे संकुल आहे. १४८४ ते १४८८ या काळात ते बांधले गेले. मशिदीपेक्षा त्यातील ‘दारुश्शिफा’, म्हणजे रुग्णालय, अधिक प्रसिद्ध आहे. मध्ये घुमटाखाली षट्कोनी दालन, त्यात कारंजे, भोवती रुग्णांच्या खोल्या आणि एका बाजूला वादकांसाठी उंचवटा, अशी त्याची रचना. सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी याने येथे दहा गायक-वादक आठवड्यातून तीनदा रुग्णांसाठी, विशेषतः मनोरुग्णांसाठी, गात-वाजवीत असल्याचे लिहिले आहे. सुगंध, पाण्याचा नाद आणि स्वर यांचा उपचारात समावेश होता. एव्लियाच्या लेखनात अतिशयोक्ती पुष्कळ असते. तथापि दालनाची ध्वनिवाहक रचना त्याच्या या वर्णनाला पुष्टी देते.

आरोग्याच्या इतिहासात एदिर्नेचे नाव आणखी एका कारणाने येते. ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली मॉन्टेग्यू हिने १७१७ मध्ये येथून लिहिलेल्या पत्रांत देवी टोचण्याच्या स्थानिक प्रथेचे वर्णन केले. शरद ऋतूच्या सुमारास वृद्ध स्त्रिया घरोघर जाऊन मुलांना देवी टोचत. मेरीने स्वतःच्या मुलाला टोचून घेतले आणि मायदेशी परतल्यावर या पद्धतीचा पुरस्कार केला. जेन्नरच्या लसीपूर्वी सुमारे ऐंशी वर्षे घडलेली ही गोष्ट. रुग्णालयाची दगडी वास्तू आणि निरक्षर वृद्धांच्या हातातील सुई, या दोन्ही एकाच शहराच्या परंपरा होत.

राजवाड्याचा अंत

तुंजाच्याच काठी, थोड्या अंतरावर, इस्तंबूलच्या तोपकापीची तुलना ज्याच्याशी केली जाई तो राजवाडा होता. मुराद दुसरा याने त्याचे काम सुरू केले आणि मेहमेद दुसरा याने ते पूर्णत्वास नेले. पुढच्या सुलतानांनी त्यात प्रासाद, हमाम, पूल आणि उद्याने यांची भर घातली. १८७७-७८ च्या युद्धात रशियन सैन्य शहराजवळ येऊन ठेपले तेव्हा राजवाड्याच्या आवारात साठवलेला दारूगोळा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून उस्मानी अधिकाऱ्यांनीच तो पेटवून दिला. स्फोटांत राजवाडा नष्ट झाला. उरलेला दगड पुढे इतर बांधकामांसाठी नेला गेला. आज तेथे सोळाव्या शतकातील न्यायमनोरा, पाकगृहाचा भाग आणि काही भग्न अवशेष उभे आहेत. अलीकडच्या काळात उत्खनन व पुनर्बांधणीचे काम सुरू झाले.

सुलतानांनी स्वतःच्या निवासासाठी बांधलेली वास्तू त्यांच्याच अधिकाऱ्यांच्या हातून नष्ट झाली. लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेल्या वास्तू मात्र उभ्या राहिल्या. हा केवळ योगायोग नव्हे. दरबार गेल्यावर राजवाड्याला कोणी उपयोगकर्ता उरला नव्हता आणि तो दारूगोळ्याचे कोठार बनला होता. मशिदीत, बाजारात आणि हमामात मात्र माणसांची रोजची ये-जा होती.

सीमा सरकते तेव्हा

१८२९ पासून १९२२ पर्यंत एदिर्नेने चार परकीय अंमल पाहिले : १८२९ आणि १८७८ मध्ये रशियाचा, १९१३ मध्ये बल्गेरियाचा, १९२० ते १९२२ या काळात ग्रीसचा. यांतील १९१२-१३ चा वेढा सर्वांत भीषण होता. पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर मार्च १९१३ मध्ये शहर पडले. जुलैमध्ये उस्मानींनी ते परत घेतले. त्या वेळच्या तोफगोळ्याची खूण सेलिमियेच्या घुमटाच्या आतील बाजूस मुद्दाम तशीच राखली असल्याचे प्रवाशांना सांगितले जाते.

१९२३ च्या लोझान करारानंतर सध्याच्या सीमा निश्चित झाल्या. एकेकाळी साम्राज्याच्या मध्यावर असलेले शहर एका राष्ट्राच्या टोकाला आले. युद्धभरपाई म्हणून ग्रीसने मेरिचपलीकडचे काराआच हे उपनगर तुर्कस्तानला दिले. तेथे स्थपती केमालेद्दीन याने आराखडा केलेले भव्य रेल्वे स्थानक होते. परंतु त्या स्थानकापर्यंत पोहोचणारा लोहमार्ग ग्रीक हद्दीतून जात होता. इस्तंबूलहून एदिर्नेला, म्हणजे आपल्याच देशातील एका शहराहून दुसऱ्या शहरी जाणारी गाडी, वाटेत परक्या देशातून धावे. ही विसंगती १९७१ मध्ये नवा मार्ग झाल्यावर संपली आणि स्थानक निरुपयोगी झाले. आज ती वास्तू त्राक्या विद्यापीठाच्या ललितकला विभागाकडे आहे. याच विद्यापीठाने बायेझीदच्या पडीक रुग्णालयाचे पुनरुज्जीवन केले; तेथे १९९७ मध्ये आरोग्यसंग्रहालय सुरू झाले आणि २००४ मध्ये त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला.

तेल आणि माती

सीमा सरकल्याचा फटका बसलेली आणि तरीही जिवंत राहिलेली परंपरा म्हणजे किर्कपिनारची तैलकुस्ती. किर्कपिनार म्हणजे चाळीस झरे. बाल्कन मोहिमेतील चाळीस योद्ध्यांपैकी दोघे रात्र उलटेपर्यंत लढले, कोणीच हरले नाही आणि दोघेही गतप्राण झाले. त्यांच्या दफनस्थळी पुढे झरे फुटले, अशी आख्यायिका आहे. परंपरेने या कुस्त्यांची गणना चौदाव्या शतकापासून केली जाते. मूळ मैदान मात्र बाल्कन युद्ध आणि पहिले महायुद्ध यांनंतर सीमेपलीकडे, ग्रीसमध्ये गेले. म्हणून १९२४ पासून कुस्त्या एदिर्नेच्या सरायइची भागात, म्हणजे नष्ट झालेल्या राजवाड्याच्याच भूमीवर होऊ लागल्या. दरबाराच्या ओसाड जागेवर लोकांचा उत्सव उभा राहिला.

पैलवान ‘किस्पेत’ ही जाड कातड्याची विजार घालतात आणि अंगभर ऑलिव्हचे तेल ओततात. निसटत्या अंगावर पकड बसत नाही, म्हणून विजारीच्या कमरेत आणि गुडघ्याखालच्या काठात हात घालून डाव टाकण्याची मुभा असते. ‘जाझगर’ हा निवेदक पैलवानांची नावे पुकारतो आणि प्रार्थना म्हणतो. ढोल आणि झुर्ना हे सनईच्या कुळातील वाद्य वाजू लागते. पैलवान ठरलेल्या पदन्यासात मैदानाला फेरी मारतात, मांड्यांवर थाप देतात, जमिनीला हात लावून तो कपाळी नेतात. पूर्वी कुस्तीला वेळेची मर्यादा नसे. ती १९७५ मध्ये आली. सलग तीन वर्षे अजिंक्य राहणाऱ्याला सोन्याचा पट्टा कायमचा मिळतो. उत्सवाचा यजमान ‘आगा’ असतो. एका मेंढ्याचा लिलाव होतो आणि सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे पुढील वर्षीचे यजमानपद जाते. २०१० मध्ये युनेस्कोने या उत्सवाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

तुर्की ‘पेहलिवान’ आणि मराठी ‘पैलवान’ ही एकाच फारसी शब्दाची दोन रूपे आहेत; ‘मेयदान’ आणि ‘मैदान’ यांचेही तेच. किर्कपिनारच्या पैलवानाची मांडीवरची थाप मराठी वाचकाला शड्डू म्हणूनच ऐकू येईल, आणि ढोल-झुर्नाच्या जागी त्याला हलगी आठवेल. भेद आहे तो तेलाच्या जागेचा : तेथे तेल अंगावर असते, कोल्हापूरच्या आखाड्यात ते ताक-हळदीसह तांबड्या मातीत मुरते. आश्रयाच्या बाबतीतही साम्य आहे. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये तयार झाले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, तरी कुस्ती गावोगावच्या जत्रांनी आणि तालमींनी जगवली. राजाश्रय लोकाश्रयात परिवर्तित झाला की परंपरेला जागा बदलूनही जगता येते, हे दोन्ही ठिकाणी दिसते.

माणसांविना वास्तू

याच्या उलट उदाहरणही एदिर्नेतच आहे. १४९२ मध्ये स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंपैकी अनेकांना या शहरात आसरा मिळाला. त्यांची स्पॅनिशोद्भव भाषा येथे चार शतके बोलली गेली. १९०५ च्या आगीत त्यांची तेरा प्रार्थनास्थळे जळाली. त्यांच्या जागी एकच मोठे सिनेगॉग बांधले गेले आणि ते १९०९ मध्ये खुले झाले. त्यानंतरची युद्धे, १९३४ मध्ये थ्रेस प्रांतात ज्यूंवर झालेले हल्ले आणि पुढे इस्रायलकडे झालेले स्थलांतर यांमुळे समाज विरळ होत गेला. १९८३ मध्ये सिनेगॉग बंद पडले, १९९७ मध्ये छत कोसळले. शासनाने केलेल्या जीर्णोद्धारानंतर मार्च २०१५ मध्ये ते समारंभपूर्वक पुन्हा उघडले. नक्षीदार छत पूर्ववत झाले. पण नित्य प्रार्थनेसाठी येणारा समाज शहरात उरला नव्हता. शहरातील बल्गेरियन चर्चवास्तूही अशाच दुरुस्त झाल्या आहेत.

या जीर्णोद्धारांना कमी लेखण्याचे कारण नाही. ते झाले नसते तर या समाजांची खूणही उरली नसती. परंतु दगडाची डागडुजी आणि परंपरेचे सातत्य यांतील अंतर येथे जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसेल. किर्कपिनारच्या पैलवानांनी आपली जागा गमावली आणि परंपरा राखली. सिनेगॉगला आपली जागा परत मिळाली, परंतु परंपरा चालवणारी माणसे परत आली नाहीत.

एदिर्नेला जाणारा बहुतेक प्रवासी सेलिमियेचा घुमट पाहतो, बाजारातून फळांच्या आकाराचे सुगंधी साबण घेतो आणि संध्याकाळपर्यंत इस्तंबूलला परततो. एवढ्या वेळेत शहराचे वैभव दिसते. मात्र तुंजाकाठी राजवाड्याच्या भग्न भिंतींपाशी, कुस्तीच्या मैदानात आणि सिनेगॉगच्या शांत दालनात थोडा अधिक वेळ घालवला, तर वारसा जतन करणे म्हणजे नेमके काय जतन करणे, हा प्रश्न घेऊनच तो परतेल. एदिर्नेच्या इतिहासावरून त्याचे एक उत्तर देता येते. सत्तेपुरती बांधलेली वास्तू सत्तेबरोबर जाते, वापरात असलेली वास्तू सत्तेनंतरही टिकते. आणि ज्यांनी ती वापरायची ती माणसेच शहरातून गेली, तर कितीही कुशल जीर्णोद्धार झाला तरी वास्तू परंपरेची केवळ साक्षीदार होऊन राहते.